हातभर खाली

१

तेमिरकुल सापडला तेव्हा त्याच्या छातीत गोळी होती आणि हाताशी बंदूक नव्हती.

चोलोक-काइन गावाला यातली दुसरी गोष्ट जास्त खुपली. डोंगर माणूस घेतो, त्याची गावाला सवय आहे. पण थंडी पडून रानबोकड खालच्या कड्यांवर उतरले असताना तेमिरकुलसारखा शिकारी काराझारच्या दरीत रिकाम्या हातानं जाईल, हे कुणाच्या गळी उतरेना. म्हणजे बंदूक होती आणि मारणाऱ्यानं ती नेली. गावानं बेरीज मांडली आणि उत्तराच्या जागी एक नाव लिहून टाकलं. असानगाझी.

तालुक्याच्या ठाण्यात जोल्दोशेव साहेबांचं उत्तरही तेच आलं. तपास अधिकारी बुरुल समोर बसली होती. पन्नाशीला टेकलेली, शिकाऱ्याची मुलगी, बोलण्यापेक्षा ऐकणं जास्त. धाकटे तिला एजे म्हणत, म्हणजे ताई. साहेबांनी शवातून काढलेली गोळी कागदावर ठेवून तिच्याकडे सरकवली.

"बघ. मऊ नाकाची शिकारी गोळी. जोरात लागली असती तर आत शिरल्यावर अळंबीसारखी फुलली असती. ही फुललीच नाही. नाक जरा चेपलंय, तेवढंच. म्हणजे दमून आली. लांबून आली, दरीच्या पल्याडच्या डोंगरधारेवरून. तिथून नेमकी माणसाच्या छातीत गोळी घालायची तर नळी केवढी लागेल?"

"लांब."

"आणि तालुक्यात सगळ्यात लांब नळी कुणाची?"

हे विचारायचं कारण नव्हतं. परदेशी पाहुण्यांना शिकारीला नेणारे वाटाडे गावात दोनच, तेमिरकुल आणि असानगाझी. त्यातल्या असानगाझीला एका पाहुण्यानं आपली जर्मन बंदूक भेट दिली होती. तिची नळी एवढी लांब, की घोड्यावर बसला की मागून येणाऱ्याच्या डोळ्यात जाईल, असं पोरंटोरं म्हणत. पाहुणे पळवण्यावरून दोघांचं वाजलं होतं. उन्हाळ्यात एका लग्नात, भरल्या पंगतीत, असानगाझी ओरडला होता, "तेमिरकुल, तुला डोंगरातच गाडीन."

"राजधानीच्या प्रयोगशाळेचा अहवाल?" बुरुलनं विचारलं.

"दीड-दोन महिने. कोण थांबतंय? उद्या दुपारी त्याला जिल्ह्याच्या कोठडीत पाठवतो. तिथं गेलं की लोक आपणहून बोलतात."

बुरुलला ते आपणहून बोलणं माहीत होतं. तिनं गोळी बोटांत धरून फिरवली.

"उद्या दुपारपर्यंतचा वेळ मला द्या, साहेब."

"दिला. तुझ्या वडिलांसाठी दिला. पण सापडायचं ते सापडलंय, बुरुल."

२

ठाण्याच्या पायरीवर असानगाझीची आई अनिपा फडक्यात भाकरी बांधून बसली होती. तेमिरकुलच्या भावांनी तिच्या मेंढ्या हाकून नेल्या होत्या. नदीवर पाण्याला गेली की बायका बादल्या उचलून वरच्या अंगाला सरकत.

"मेंढ्या नेल्या तर नेल्या," ती बुरुलला म्हणाली. "त्यांचं माणूस गेलंय, हात शिवशिवणारच. पण मुलगा नका नेऊ. एवढाच आहे."

आत असानगाझी भिंतीला टेकून उभा होता. चेहऱ्यावर भीती होती, पण तोंड अजून पूर्वीचंच.

"तू भर पंगतीत 'गाडीन' म्हणालास," बुरुल म्हणाली.

"म्हणालो. घोडीलाही रोज म्हणतो. ती अजून चरतेय."

"मंगळवारी कुठं होतास?"

"तिलाच शोधत होतो. एकटाच. साक्षीला डोंगर आहे, पण तो येणार नाही ठाण्यात."

"बंदूक उडालेली आहे."

"लांडग्यावर उडवली. चुकली."

"तू चुकतोस?"

"एजे, आम्ही सगळे चुकतो. माझा नेम कधी चुकत नाही, असं फक्त तेच म्हणतात ज्यांच्यासोबत कुणी जात नाही." मग तो पुढं झाला आणि आवाज खाली आणला. "साहेब म्हणतात, माझी गोळी पल्याडून दमून आली. त्यांना एक विचारा. लांब नळी आम्ही खांद्यावर ओझं म्हणून वागवतो का? आर्चाच्या झुडपात ती अडकते, घोड्यावर आडवी येते, चटकन फिरवता येत नाही. एवढा ताप कशासाठी सोसतो? दारू नळीतच पुरती जळावी आणि गोळीला सगळा रेटा मिळावा म्हणून. त्या धारेवरून मी बोकड पाडलेत. गोळी आत गेली की मूठभर मांस फेकून द्यावं लागतं, एवढी फुलते."

"हे साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, अनुभवी दिसतोस. तसं लिहूनही घेतलं."

तिथून बुरुल तेमिरकुलच्या अंगणात गेली. शोकाचा, नमद्याचा म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा तंबू उभा होता. आत भिंतीकडे तोंड करून, काळ्या कपड्यात, विधवा सेझिम विलाप गात होती. आमच्याकडे रडायचंही गाऊनच. गेलेल्याचं एकेक करून सगळं नाव घेऊन गायचं, म्हणजे वर त्याची ओळख पटते. सेझिमचा गळा फाटला होता, तरी सूर सुटत नव्हता. नवऱ्याचा करडा घोडा आला, चांदीच्या मुठीचा चाबूक आला, कमरपट्टा आला, त्याचं हसणं आलं, टोपी मागं सारून डोंगराकडे बघायची लकब आली. बाहेरच्या बायका मधूनमधून मारणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालत होत्या. सेझिम घालत नव्हती.

बुरुल दाराशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. गाण्यात बंदूक आली नाही.

दाराजवळ सेझिमचे वडील, म्हातारे मोल्दोकान, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. तीन खोऱ्यांत लोक त्यांना मेर्गेन म्हणत, म्हणजे ज्याची गोळी वाया जात नाही असा. बुरुलचे वडील त्यांचेच सोबती.

"आलीस पोरी," ते म्हणाले. "बस. चहा घे."

"आबा, तुम्ही मंगळवारी कुठं होता?"

"मी कुठं असणार? गुडघे घेऊन चुलीपाशी."

३

काराझारच्या दरीत बुरुलनं सोबत वनरक्षक कुबाटला घेतलं. प्रेत त्यालाच सापडलं होतं आणि बंदूक त्याच्याकडेही होती, आखूड नळीची सरकारी. साहजिकच तिनं पहिला संशय तिथं ठेवला.

"तुझ्या गोळ्या दाखव."

कुबाटनं मुकाट्यानं दाखवल्या. फौजी गोळ्या, नाकापासून बुडापर्यंत कठीण कवचाच्या. त्या फुलत नाहीत, चेपत नाहीत. तेमिरकुलच्या छातीतली मऊ नाकाची होती.

"सुटलो का, एजे?"

"सध्यापुरता. आवाज ऐकलास त्या दिवशी?"

"दोन. मी खालच्या पुलाजवळ होतो. तोफेसारखे. म्हणून तर म्हटलं, मोठ्या बंदुकीचे."

तेमिरकुल पडला होता त्या जागी बुरुलनं भिजवलेल्या नमद्याच्या घड्या आणि ओली माती भरलेलं पोतं ठेवायला लावलं, आणि असानगाझीची बंदूक घेऊन पल्याडच्या धारेवर गेली. पोट टेकून, दगडावर नळी ठेवून, तिनं गोळी झाडली. लांब नळीनं हिसका गिळला. पुढचं वजन एवढं, की टोक जागचं हललं नाही.

दरी ओलांडून येईपर्यंत कुबाटनं पोतं उकरून गोळी काढली होती. तळहातावर ठेवून तो तिच्याकडे बघत राहिला. अळंबीसारखी फुललेली, कडा बाहेर वळलेल्या.

"आणि आवाज?" बुरुलनं विचारलं.

"सुकी काठी मोडल्यासारखा. त्या दिवशीचा असा नव्हता."

"नसणारच. नळी आखूड असली की जळती दारू तोंडाबाहेर येऊन फुटते. जाळ मोठा, आवाज मोठा, गोळीत मात्र जीव कमी. आपण सगळे आवाजाला भुललो, कुबाट. ज्याचा आवाज मोठा, त्याची बंदूक मोठी. माणसांच्या बाबतीतही हीच चूक करतो आपण."

"मग जवळून मारली असेल, आखूड बंदुकीनं."

"जवळून असती तर आखूड नळीचीही फुलली असती. गोळी लांबूनच आली, पण आखूड नळीतून."

कुबाट हसला. "एजे, आखूड नळीनं एवढ्या लांबून माणसाच्या छातीचा नेम? मेर्गेन आबांनाही जमणार नाही."

बुरुल खाली बसली होती. तिनं मान वर केली. तेमिरकुल जिथं पडला, त्याच्या बरोबर डोक्यावर कड्याला खडकाची एक फळी होती. पांढरट, चाटून गुळगुळीत झालेली. रानबोकड तिथं दगडातला खार, म्हणजे मीठ, चाटायला येतात. ताज्या लेंड्या पडल्या होत्या. फळीपासून खाली, माणूस उभा राहिला तर त्याच्या छातीपर्यंत, फार तर हातभर अंतर.

गेले दोन दिवस सगळे एकच विचारत होते, इतक्या लांबून याला मारू शकेल असा कोण? त्याला कुणी मारायला गेलंच नव्हतं. नेम वरच्या बोकडावर होता. गोळी हातभर खाली बसली.

आता बाजू उलटली. शोधायचा होता तो नेमबाज नव्हे, चुकलेला माणूस. आणि शिकारी आपल्या बंदुकीची चाल जाणतो, बायकोच्या रागासारखी. किती लांबवर ती किती खाली बसते, हे त्याला डोळे मिटूनही माहीत असतं. तो हातभर कधी चुकेल? बंदूक तीच राहिली नसेल तेव्हाच. हाताला जुनी सवय, आणि नळी मात्र नवी.

"कुबाट, दोन आवाज म्हणालास ना?"

"दोन."

"दुसरी गोळी कुणाला लागली?"

४

दुसऱ्या गोळीनं काही पडलं असेल, तर ते खांद्यावर नाहीतर घोड्यावर घालून कुणीतरी नेलं असणार. दरीच्या मागच्या अंगानं उतरणारी वाट एकच, आणि तिच्यावर मेंढपाळांचं एकच हिवाळी घर. तिथं राहणारी काल्बुबु पोलिसाला दोन शब्द सांगेल अशी बाई नव्हती. कुबाट आदल्या दिवशी विचारून आला होता, मंगळवारी इथून कोण गेलं? ती म्हणाली होती, वारा.

बुरुलनं तो प्रश्न विचारलाच नाही. चहा घेतला, मेंढ्यांची चौकशी केली, सुनेला दिवस गेलेत का विचारलं. मग वाटी खाली ठेवत म्हणाली, "काल्बुबु एजे, यंदा शिरालगा कुणाचा खाल्लात?"

शिकार घेऊन येणारा माणूस वाटेत भेटला आणि आपण "शिरालगा" म्हटलं, की त्यानं वाटा द्यायचा. राजा असो की चोर. न देणाऱ्याची पुढची गोळी फुकट जाते असं आम्ही मानतो. आणि घेणाऱ्यानं देणाऱ्याचं नाव लपवायचं नाही. घास खाऊन नाव गिळणारा माणूस काल्बुबुच्या लेखी चोराहून वाईट.

म्हातारी लगेच बोलली. "का, मंगळवारीच खाल्ला. अख्खा मागचा फरा. मी म्हटलं, एवढा कशाला, तर म्हणाले, घे, वर्षानं मिळालंय. मुलासारखे हसत होते बघ. पण गोळी आतच राहिली होती त्यात. माझा दात गेला. आधीच तीन होते."

"गोळी ठेवलीत?"

"ठेवते तर. शिसं आहे, फेकतं कोण." तिनं कोनाड्यातून काढून दिली. मऊ नाकाची, नाक जरासं चेपलेलं. ठाण्यातल्या कागदावरच्या गोळीची जुळी बहीण.

"कोण देऊन गेलं, एजे?"

"अगं, दुसरं कोण देतं एवढा मोठा वाटा आजकाल?" काल्बुबु म्हणाली. "मोल्दोकान आबांनी."

५

बुरुल दुसऱ्या दिवशी उजाडताच मोल्दोकानच्या घरी गेली. म्हातारा एकटाच होता. चुलीवर किटली होती. भिंतीवर नमद्याच्या म्यानात त्यांची तीन खोऱ्यांत प्रसिद्ध बंदूक टांगलेली, नळी टेकवायच्या लाकडी दुबेळक्यासकट. म्यान पूर्वीएवढंच लांब होतं. फक्त त्याचं टोक म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानासारखं लोंबत होतं.

"आबा, ती उतरवू का?"

"मयताच्या घरात बंदूक उघडत नाहीत."

"टोक रिकामं आहे, आबा."

मोल्दोकाननी किटलीखालचा जाळ कमी केला. बराच वेळ त्यांना तेवढंच काम होतं.

"काल्बुबुकडे गेलीस?"

"हो."

"वाटा नाकारायला हवा होता." मग स्वतःच मान हलवली. "पण नाकारता येत नाही. तेव्हा काय माहीत होतं मला."

"नळी कुणी कापली?"

"तेमिरकुलनं."

म्हातारा सांगत गेला, तिच्याकडे न बघता.

"गेल्या हिवाळ्यात घोड्यावरून पडलो, खांद्याचं हाड मोडलं. गावाला सांगितलं, घोडा घसरला. घोडा कुठला घसरतोय. नळी आर्चात अडकली आणि मला खाली ओढलं तिनं. पूर्वी मी तिला वागवायचो, आता ती मला वागवायला लागली होती. तेमिरकुल म्हणाला, बाबा, आखूड करू, हलकी होईल, घोड्यावर सुटसुटीत पडेल. कुणाला सांगणार नाही. गोठ्यात बसून त्यानं करवतीनं कापली, कानशीनं तोंड घासलं, नेमाचं टोक पुन्हा बसवलं. माझ्यासमोर सगळं. नखासारखं गुळगुळीत काम."

"आणि म्हणाला असेल, आता नेमाच्या खुणा नव्या कराव्या लागतील."

"म्हणाला." म्हाताऱ्यानं भिंतीवरच्या म्यानाकडे पाहिलं. "म्हणाला, बाबा, ही आता तुमची जुनी बंदूक नाही. हिची गोळी सावकाश जाते, लांबवर खाली बसेल. चला, चार गोळ्या दगडावर मारून बघू. मी म्हटलं, तू दाढी यायच्या आधीपासून मी बोकड पाडतोय, मला शिकवतोस? गोळ्या काय दगडांवर उधळायच्या?"

"मंगळवारी काय झालं?"

"पल्याडच्या धारेवर बसलो होतो. एकदम कळप पुढं आला. वर्षभर एक शिंग दिसलं नव्हतं मला. वाटलं, देवाला दया आली म्हाताऱ्याची. नेहमीसारखा नेम धरला. गोळी कुठं गेली कळलं नाही, ना धूळ ना दगड. आवाज दऱ्यांत घुमला, बोकड गोंधळून उभेच. दुसरी शिंगाच्याही वर धरून मारली. एक पडला, कड्याच्या मागच्या उताराला. मी मागच्या वाटेनं गेलो. खाली सावली होती, तिकडे बघितलंच नाही, पोरी. खाली कशाला बघू? माझा बोकड वर होता."

"कधी कळलं?"

"कुबाट बोलला, खाराच्या फळीखाली सापडला. तेव्हाच."

किटली उकळून उतू जायला लागली. कुणी उठलं नाही.

"आबा, असानगाझीला धरून नेलं, तेव्हा तुम्ही अंगणातच होता."

"मला वाटलं, सोडतील. काही निघणार नाही म्हटल्यावर सोडतील."

"आज दुपारी त्याला नेतायत. काही न निघताच."

म्हातारा म्हणाला, "बंदूक कापली, ते कळलं असतं. नेम चुकला, ते कळलं असतं. आणि कुणाला लागला तेही. पहिल्या दोनच गोष्टी माझ्याच्यानं बोलवेनात. तिसरी त्यांच्या मागं अडकून राहिली."

बुरुल लहानपणी या माणसाच्या मांडीवर बसून शिकारीच्या गोष्टी ऐकत वाढली होती. त्या क्षणी तिला त्याची कीव आली नाही. त्याच्या तोंडाकडे बघवेना, एवढंच.

"टोपी घाला," ती म्हणाली. "ठाण्यात जायचंय."

मोल्दोकान उठले. दाराशी थबकले. "एक मला सुटत नाही, पोरी. तिथून दुसरं कुणी उतरलं नाही, मागच्या वाटेवर मीच होतो. मग त्याची बंदूक चोरली कुणी? आणि नव्हतीच म्हणावं, तर तो रिकाम्या हातानं तिथं करत काय होता?"

६

तंबूत बायकांची गर्दी होती. बुरुलनं त्यांना बाहेर जायला सांगितलं. मोल्दोकान दाराबाहेर नमद्याला टेकून उभे राहिले.

सेझिम भिंतीकडेच तोंड करून बसलेली.

"सेझिम," बुरुल म्हणाली, "काल तुझं गाणं ऐकलं. घोडा गायलीस, चाबूक गायलीस. त्याची बंदूक का नाही गायलीस?"

सेझिमनं डोक्यावरचं काळं फडकं पुढं ओढलं.

"मारणाऱ्यानं ती चोरली असं तुला वाटत असतं, तर पहिला शाप त्यासाठी दिला असतास. तू कुणालाच शाप दिला नाहीस. मेलेल्याच्या गाण्यात खोटं गात नाहीत, म्हणून बंदुकीवरून उडी मारून पुढं गेलीस. कुठं आहे ती?"

सेझिमनं हात लांब करून कोपऱ्यातल्या रजयांच्या थप्पीकडे दाखवलं. बुरुलनं खालच्या रजया उचलल्या. तेमिरकुलची बंदूक तिथंच होती, स्वच्छ पुसलेली.

"घरातून नेलीच नव्हती त्यानं," सेझिम म्हणाली. फाटक्या गळ्यातून ऐकू येईल इतपतच आवाज होता. "वर्षभर बाबांच्या हाती काही लागलं नव्हतं. जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत. सोमवारी हे म्हणाले, बाबा उद्या पल्याडच्या धारेवर बसणारेत. मी मागून जाऊन कळप हळूहळू पुढं सारतो. एक मिळू दे म्हाताऱ्याला. मी म्हटलं, बंदूक घ्या, लांडगे असतात. तर म्हणाले, नको. दिसलो तर वाटेल त्यांचीच शिकार उडवायला आलो. आणि बजावलं, तू बोलू नकोस कधी. लाजेनं मरतील."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"माहीत नव्हतं. कळत होतं."

"आणि असानगाझी?"

सेझिम आता पहिल्यांदा वळली. डोळे कोरडे होते.

"नवरा गेला, एजे. बापही माझ्याच हातानं दिला असता, तर कुणाच्या दारात जाऊन रडले असते? असानगाझी माझा कोण लागतो?"

"अनिपाचा मुलगा लागतो. तिला दुसरा नाही."

दाराचा पडदा सरकला होता. मोल्दोकान उंबऱ्यावर उभे होते. केव्हापासून, कुणास ठाऊक.

"शिकार हाकून आणली होती?" त्यांनी विचारलं. तेवढंच.

सेझिमला वाटलं असतं तर ती नाही म्हणू शकली असती. बुरुल वाट बघत होती ती म्हणेल म्हणून.

"हो, बाबा," सेझिम म्हणाली. "लहान मुलापुढं कोकरू धरतात ना, तशी. तुमचं नशीब नव्हतं ते. ते माझे मालक होते."

ठाण्यात जोल्दोशेव साहेबांनी दोन गोळ्या शेजारी ठेवून पाहिल्या, म्हाताऱ्याचं म्हणणं ऐकलं, आणि असानगाझीच्या सुटकेच्या कागदावर सही केली. माफी मागायचा रकाना त्या कागदात नव्हता. दुपारची गाडी तयारच होती. तिच्यात मोल्दोकान बसले, सोबत बुरुल.

गावाखालच्या पुलावर गाडी थांबली, कारण समोरून मेंढ्या येत होत्या. तेमिरकुलचे भाऊ अनिपाच्या मेंढ्या परत आणत होते, खाली मान घालून, जणू त्या चुकूनच आपल्या वाड्यात शिरल्या होत्या. कठड्याला लागून असानगाझी आणि अनिपा वाट मोकळी व्हायला थांबले होते. गाडीची खिडकी त्यांच्यासमोरच आली.

आमच्यात धाकट्यानं आधी सलाम करायचा असतो. असानगाझीनं केला नाही. तो म्हाताऱ्याकडे बघत उभा राहिला.

मोल्दोकाननी काच खाली केली, टोपी काढली, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि आपल्या नातवाच्या वयाच्या माणसाला आधी सलाम केला.

मेंढ्या गेल्या, चालकानं गाडी सुरू केली. असानगाझीनं तोंड उघडलं नाही. बुरुलनं त्याला मनातही दोष दिला नाही.

"उत्तर दे," अनिपा म्हणाली.

"आई, मला नेत होते तेव्हा हा दहा पावलांवर बसला होता. बघत होता."

"मी पण बघत होते त्याला. तरी दे. सलाम देवाच्या नावाचा असतो, त्याच्या नावाचा नसतो."

गाडी पुढं निघाली होती. असानगाझीनं मान फिरवली आणि नदीकडे बघत, घशात हाड अडकल्यासारखं, सलामाचं उत्तर दिलं. बुरुलला त्याचे ओठ हलताना दिसले. शब्द ऐकू आले नाहीत. तिनं शेजारी पाहिलं. मोल्दोकानही मागं वळून त्या ओठांकडेच बघत होते, आणि वळणावर गाडी कड्याआड गेली तरी त्यांची मान वळलेलीच होती.